पहिलीच्या वर्गातील बाई

पहिलीला शिकवणे म्हणजे सर्वांत सोपे काम, असा गैरसमज समाजात रुजला आहे. वकिली करताना आम्ही कायद्याची पुस्तके पुष्कळ चाळली. पण हाताला धरून 'अ' गिरवून घेणाऱ्या बाई नसत्या, तर त्यातले एक पानही आम्हाला वाचता आले नसते. रडणाऱ्या पोराचे नाक पुसून त्याला पाटीपाशी बसवायचे, अक्षर उलटे काढले तरी शाबासकी द्यायची आणि उद्या तेच पुन्हा शिकवायचे, हे निव्वळ पगारासाठी होत नाही. त्याला लेकरांचा लळा लागतो.

हा वारसा सावित्रीमाईंचा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा अंगावर शेणचिखल झेलत त्या शिकवायला जात. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातील मुक्ताने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. गिरवलेले अक्षर असे बोलू लागते!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. तरीही बाईंचा जीव माहितीचे तक्ते भरण्यातच जातो. त्यात २०२३ मध्ये विसाच्या आतील पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा घाट घातला गेला. वस्तीवरचे सहा वर्षांचे लेकरू रोज परगावी कसे जाणार?

बांधवांनो, आपल्या वस्तीच्या शाळेत एकदा जा. पट पाहा, बाईंना विचारा. त्यांना त्यांचा वर्ग परत मिळवून देणे, हेही चळवळीचेच काम आहे.