शिवणीतली माया

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव कापसाच्या मुलखातले. सेलू, मानवत या जवळच्या बाजारपेठाही कापसाच्याच. तरीही याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घराबाहेर पडतात. सोबतची लहान मुले हंगामाचे महिने फडाजवळच्या कोप्यांत काढतात. त्यांच्या अंगावरचा कपडा बहुधा थोरल्या भावंडाचा किंवा कोणी तरी टाकून दिलेला असतो. मापाचा, नवा कपडा या मुलांना क्वचितच लाभतो.

गरजू मुलांसाठी एकत्र बसून कपडे शिवण्याची परंपरा ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जुनी आहे. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस हिची कथा येते. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत रडत दाखवली, ती तिने शिवलेली वस्त्रे. तिच्याच नावाने 19व्या शतकात इंग्लंडमध्ये 'डॉर्कस सोसायट्या' निघाल्या. चर्चमधील स्त्रिया त्यांतून गरिबांसाठी कपडे शिवून देत.

महाराष्ट्रात या कार्याला निराळे वळण मिळाले. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली व स्त्रियांना आणले आणि दौंड तालुक्यातील केडगावच्या 'मुक्ती'मध्ये आश्रय दिला. तेथे त्यांना विणकाम, शिवणकाम, छपाई असे उद्योग शिकवले गेले. ज्यांना वस्त्र द्यायचे, त्यांच्याच हाती सुई आली.

गटाने शिवण्यासाठी कपडा साधाच हवा. अमेरिकेतील 'लिटल ड्रेसेस फॉर आफ्रिका' या संस्थेमुळे उशीच्या अभ्र्याचा फ्रॉक अनेक देशांत पोहोचला. आपल्याकडचा अभ्रा साधारण 17 बाय 27 इंचांचा असतो. त्याची बंद बाजू कापायची, दोन्ही कडांना मुंढे बेतायचे, मुंढ्यांना तिरकी पट्टी लावायची आणि पुढच्या व मागच्या गळ्याला नेफा घालायचा, की लहान मुलीचा फ्रॉक तयार होतो. त्याला बाही नाही, काज-बटण नाही. जुन्या सुती साडीच्या धडक्या भागातूनही असाच फ्रॉक निघतो.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते बेतण्यापूर्वीच भिजवून वाळवावे. अगदी लहान बाळाच्या गळ्याशी नाडी ठेवू नये. ती आवळली जाण्याचा धोका असतो. तेथे सैल इलॅस्टिक बरे. खालची दुमड दोन इंचांची ठेवली, तर मूल वाढल्यावर ती उसवून कपडा लांबवता येतो. शिवणीत राखलेल्या अशा जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात.

कामाची वाटणीही सोपी असते. जाणत्या हाताने बेतावे, यंत्र येणाऱ्याने शिवावे, नवख्याने तुरपाई करावी, नेफ्यात नाडी ओवावी. पण सर्वांत आधी मुलांची मापे घ्यावीत. अंदाजाने शिवलेले गठ्ठे अनेकदा कोणाच्याच अंगाला बसत नाहीत. मुलांच्या आयांनाही सोबत बसवले, तर दान घेण्याचा संकोच उरत नाही आणि कसब घरात येते. केडगावात हे शतकाहून अधिक काळापूर्वी घडले. कापूस वेचणाऱ्या हातांना कात्री आणि सुई परकी वाटण्याचे कारण नाही.