एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील कपाटात वडिलांच्या अकरा वह्या होत्या. पाठशाळेत शिकवताना काढलेली टिपणे, प्रवचनांचे सारांश, मधूनच एखाद्या कानडी शब्दाचा मराठी अर्थ. वह्या हाती आल्या तेव्हा शाई पसरली होती आणि पाने एकमेकांस चिकटली होती. पंख्याखाली वाळवून, एकेक पान सोडवून आम्ही त्यांची छायाचित्रे काढली. मूळ कागद पुढे टिकला नाही. आज त्या वह्या आहेत त्या केवळ संगणकात. त्याच संगणकात आमच्या मंदिर ट्रस्टचे हिशेबही आहेत. त्यामुळे गेल्या वर्षी त्याची कार्यप्रणाली बदलण्याची वेळ आली, तेव्हा माझी झोप उडाली यात नवल नाही.

हा संगणक म्हणजे एका वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत. एकात विंडोज नांदते, कारण ट्रस्टच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्याखेरीज चालत नाही. दुसऱ्यात उबुंटू ही लिनक्स घराण्यातील विनामूल्य प्रणाली राहते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे अडकलेल्या पुतण्याने ती बसवून दिली. वह्यांची छायाचित्रे स्वच्छ करणे, लावणे, वाचणे हे सारे मी तिच्यात करतो. बिऱ्हाडे वेगळी असली तरी वाड्याचा दिंडीदरवाजा एकच. यंत्र चालू केले की ग्रब नावाचा देवडीवाला विचारतो, कोणाकडे जायचे आहे? उत्तर दिले की तो त्या घराचे दार दाखवतो.

विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे आधीच जाहीर झाले होते. त्यानंतर यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. नाव नोंदवल्यास घरगुती वापरकर्त्यास आणखी एक वर्ष सवलत मिळते. परंतु दुसऱ्याचे हिशेब ज्या यंत्रावर आहेत, तेथे मुदतवाढीवर दिवस काढणे मला रुचेना. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, यूईएफआय पद्धतीची सुरुवात, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा संगणक या अटींत कसाबसा बसला. जे बसत नाहीत ते भंगारात काढण्याची मुळीच गरज नाही. नुसत्या लिनक्सवर ते कितीतरी वर्षे उत्तम काम देतात.

बँकेत असताना आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली ती रात्र मला आठवते. जुन्या आणि नव्या प्रणालीतील तेरीज पैशाला पैसा जुळेपर्यंत कोणी घरी गेले नव्हते. त्याच शिस्तीने मी प्रथम बाहेरच्या हार्ड डिस्कवरील प्रत तपासली. वह्यांच्या मूळ फोल्डरमध्ये १,१४० छायाचित्रे, प्रतीत ८१२. चार वर्षे मी ज्या प्रतीच्या भरवशावर निश्चिंत होतो, ती अपुरी होती! पूर्ण प्रत नव्याने केली, संख्या जुळवली, मधलीच वीस-पंचवीस पाने उघडून वाचली. प्रत काढणे आणि प्रत उघडून पाहणे ही दोन निराळी कामे आहेत.

दुसरे काम जलद सुरुवातीचे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे यंत्र बंद केल्यासारखे दिसते, पण विंडोज अर्धवट झोपलेली असते. अशा वेळी उबुंटूतून तिच्या विभागात लिहू गेल्यास प्रणाली नकार देते, आणि बळजबरी केल्यास माहिती बिघडू शकते. ही सोय मी बंद केली. (मोठ्या बदलानंतर ती आपसूक पुन्हा चालू झालेली आढळते, हे नंतर कळले.) उबुंटू थेट चालवता येईल असा पेनड्राइव्हही तयार ठेवला. दिंडीदरवाजाच मोडला तर मागच्या दाराने आत जाण्याची ती सोय.

इतके केल्यावर माझा आत्मविश्वास वाढला आणि मी चूक केली. दशलक्षण पर्व आटोपले होते, क्षमावाणी झाली होती. ट्रस्टचे लेखापरीक्षक सोमवारी यायचे होते, आणि मी शनिवारी दुपारी नव्या प्रणालीस हात घातला. वार्षिक ताळेबंदाच्या तोंडावर यंत्रणेत बदल करायचा नाही, हे ज्याने तीस वर्षे कनिष्ठांना बजावले, त्यानेच हे करावे!

बदल स्वतः सुमारे दोन तासांत पार पडला. यंत्र तीनदा आपोआप बंद-चालू झाले आणि नवी विंडोज उघडली. हिशेब उघडून पाहिले, जसेच्या तसे होते. मग उबुंटूत जावे म्हणून यंत्र पुन्हा सुरू केले, तर देवडीवाला जागेवर नव्हता. काही न विचारता यंत्र थेट विंडोजमध्ये गेले. उबुंटू जणू कधी नव्हतीच. बाहेर पूर्ण प्रत आहे हे ठाऊक असूनही छातीत धस्स झाले.

वस्तुतः काहीच गेले नव्हते. यूईएफआय यंत्राच्या स्मृतीत सुरुवातीच्या मार्गांची एक क्रमवार यादी असते. मोठ्या बदलानंतर विंडोज कधीकधी स्वतःचे नाव त्यात वर आणते, तेव्हा उबुंटूचे नाव खाली सरकते. पुसले जात नाही. यंत्र चालू होताना एफ-१२ दाबून (काही यंत्रांत ही कळ वेगळी असते) ती यादी उघडली, तर उबुंटू दुसऱ्या क्रमांकावर निमूट उभी होती. तिला पहिला क्रमांक दिला आणि देवडीवाला परत आला. वह्या जागच्या जागी होत्या.

खरी गाठ पुढे पडली. समाधानाने मी ग्रबमधून विंडोज निवडली आणि समोर निळा पडदा आला. बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली द्या, म्हणाला. ही कुलूपबंदी उबुंटू बसवताना पुतण्याने काढली होती. पुढे सुरक्षेच्या विचाराने मीच ती चालू केली आणि विसरलो. टीपीएम चिप यंत्र कोणत्या मार्गाने सुरू झाले याची नोंद ठेवते; नोंद जुळली तरच कुलूप आपोआप उघडते. नवी विंडोज सुरुवातीस थेट उघडली होती, तीच वाट नोंदली गेली होती. मी आलो ग्रबच्या वाटेने. पहारेकऱ्याने ओळख विचारली, यात त्याचा दोष काहीच नव्हता.

हिशेबाची प्रत कोठे होती, हे सांगायला आजही संकोच वाटतो. ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे त्याच कुलपाआड होती. वह्यांची प्रत मी बाहेर ठेवली, कारण त्यांच्यावर माझा जीव. ट्रस्टच्या हिशेबांना मात्र हा न्याय लावला नव्हता. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, आणि त्यांचा दुसरा जोड सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात, त्याच इमारतीत कधीच नाही. असे कितीतरी जोड मी स्वतः पाठवून त्यांच्या पावत्या जपल्या आहेत.

रात्री अकराला हैदराबादच्या मुलाला फोन केला. संगणक घेतला तेव्हा विंडोजचे खाते त्याने स्वतःच्या नावे उघडले होते.

“बाबा, किल्ली माझ्या खात्यात असेल. पण कुलूप तुम्ही चालू केलंत हे मला सांगितलंत कधी?”

त्याच्या खात्यात दोन किल्ल्या निघाल्या. पडद्यावरील ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरे ताडून त्यातली योग्य ती ठरवली. मग तो सहा-सहा अंकांचे आठ गट वाचत गेला आणि सौभाग्यवतींनी ते वहीत उतरवले. पाचव्या गटात माझी चूक झाली, पुन्हा सुरुवात केली. पावणेबाराला विंडोज उघडली. ग्रबला वगळून त्या यादीतून थेट विंडोज निवडली असती, तर बहुधा किल्लीची गरजच पडली नसती, हे मागाहून उमगले. त्याहून योग्य म्हणजे बदलापूर्वी कुलूपबंदी तात्पुरती स्थगित करणे, आणि तो पर्याय दिसत नसल्यास बंदच करणे.

रविवारी एक किरकोळ गंमत उरली होती. विंडोजचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू लागले. उबुंटू यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचते. दोघींनी स्थानिक वेळ मानावी अशी एक आज्ञा उबुंटूत दिली की हा तंटा मिटतो. तोवर या घड्याळावर विसंबून कोणी सूर्यास्तापूर्वीचे जेवण ठरवले असते, तर व्रताचे काय झाले असते कोण जाणे.

सोमवारी लेखापरीक्षक आले, हिशेब पाहून गेले. त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. हिशेबाची आणि वह्यांची प्रत आता दर पौर्णिमेला दोन स्वतंत्र डिस्कवर निघते, आणि त्यातली एक मंदिराच्या कपाटात राहते. संगणकाचे खाते माझ्या नावे केले. ४८ अंक कागदावर छापून लिफाफ्यात घातले, जोडावर सही करून लाख लावली आणि लिफाफा मिरजेला मुलीकडे ठेवला. तिने हसत हसत का होईना, मला त्याची रीतसर पावती लिहून दिली आहे.