श्रेयपान नसलेली पुस्तकं

मराठी विकिपीडियावर भा. रा. भागवतांच्या संदर्भात एक साल भरायचं होतं. ‘फास्टर फेणे’ या त्यांच्या मालिकेतल्या एका पुस्तकाची पहिली आवृत्ती नेमकी कधी निघाली, एवढाच प्रश्न. इकडे वाशीमकडे ही पुस्तकं वाचून मोठी झालेली माणसं शोधावी लागत नाहीत. नायक बनेश फेणेचं गाव फुरसुंगी, त्याची पुण्यातली विद्याभवन शाळा, सायकल, जिभेनं काढलेला तो ‘ट्टॉक’, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. साल मात्र कुणाला सांगता येत नाही.

म्हणून तालुक्याच्या एका जुन्या वाचनालयात गेलो. बालविभागाचं कपाट सगळ्यात खाली, पोरांच्या हाताला लागेल असं. ग्रंथपाल काकांनी तीन-चार प्रती काढून टेबलावर ठेवल्या. एकीलाही मूळ मुखपृष्ठ नव्हतं. वर रेक्झिनचा पुठ्ठा, त्यावर शाईनं घातलेला दाखल क्रमांक. आत जाड दोऱ्याची शिवण अशी घट्ट मारलेली की पान उघडताना ओळींची पहिली अक्षरं शिवणीतच राहतात. कडा कापून सरळ केलेल्या, त्यामुळे वरचे पृष्ठक्रमांक अर्धे उडालेले. आणि पुस्तक सुरू होतं थेट पान पाचपासून. प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत हे सगळं ज्या पानावर छापलेलं असतं, ते श्रेयपानच नाही.

“पोट्टे वाचतात नं,” काका म्हणाले, “पयलं पान आधी निंघते. मंग बांधणीवाला राह्यलेलं कापते.”

काकांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुमारांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचं हे खरं यशच आहे. पण त्याच यशानं पुस्तकाचा पुरावा खाल्ला. वैचारिक ग्रंथाची प्रत पन्नास वर्षं कोरी राहते, तिचं श्रेयपान शाबूत असतं. पोरांनी दप्तरातून, शेतातून, एसटीतून फिरवलेल्या पुस्तकाचं ते उरत नाही.

काकांनी मग दाखल नोंदवही काढली. तिच्यात खरेदीची तारीख, किंमत आणि विक्रेता सापडला. त्यावरून एवढं कळतं की अमुक तारखेला पुस्तक बाजारात होतं. पण ती आवृत्ती पहिली की तिसरी, हे नोंदवही सांगत नाही. शिवाय विकिपीडियाला छापून आलेला, दुसऱ्या कुणालाही ताडून पाहता येईल असा संदर्भ लागतो. वाचनालयातली हातानं लिहिलेली वही त्यात बसत नाही. बाजूला बसलेला नववीतला एक मुलगा हे ऐकत होता. “सर, मले पूर्ण पुस्तक पाठ हाये, तरी चालत नाही?” त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण नियम योग्यच आहे. आठवणीवर कोश उभा राहिला तर ज्याचा आवाज मोठा त्याचं साल छापलं जाईल.

मोठ्या सूचींचाही इथे उपयोग होत नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची प्रचंड सूची केली, १८०० पासूनची, पण ती १९५० ला थांबते आणि फास्टर फेणे त्यानंतरचा. वाङ्मयकोशांत लेखकाच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, त्यात मालिकेतल्या एकेका पुस्तकाचं साल मावत नाही. आज मिळणाऱ्या उत्कर्ष प्रकाशनाच्या प्रती पुनर्मुद्रित आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचं साल उचलून पहिल्या आवृत्तीच्या रकान्यात टाकता येत नाही.

पुरस्कारांचं पाहा. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. अकादेमीची यादी उघडली की संदर्भ हातात. कुमार कादंबरीकाराला ती सोय नव्हती. अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार सुरू झाला २०१० मध्ये. भागवत जन्मले ३१ मे १९१० रोजी इंदूरला आणि गेले २००१ मध्ये. असा सन्मान नाही म्हणून बातमी नाही, बातमी नाही म्हणून संदर्भ नाही. नोंद तोकडी राहते ती लेखक लहान म्हणून नव्हे.

संपादनाचं बाकीचं काम घरी, रात्री. वीज टिकली तर संगणकावर, नाहीतर मोबाइलवर. ‘स्रोत संपादित करा’ दाबलं की नोंदीचं अस्तर उघडं पडतं: चौकटी कंस, साचे, वर्ग. अशा नोंदींत एक वाक्य हमखास असतं, लेखक घराघरांत पोचलेले अत्यंत लाडके होते, असं. वाक्य खरं असलं तरी ते काढावं लागतं. त्या जागी लिहायचं की त्यांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘बालमित्र’ हे मासिक चालवलं, फास्टर फेणेसोबत बिपिन बुकलवारही निर्माण केला. लाडके का ते वाचणाऱ्याला त्यातून कळतं.

नावाचा घोळ वेगळाच. कुणी ‘भा. रा. भागवत’ मध्ये जागा सोडून लिहितं, कुणी ‘भा.रा.’ जोडून, कुणी ‘भास्कर रामचंद्र’. यंत्राला ही वेगवेगळी माणसं वाटतात. प्रत्येक रूपासाठी पुनर्निर्देशनाचं एकेक पान करावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण नोंद नाहीच असं समजून परत जाणारा वाचक त्यामुळे थांबतो.

२७ ऑक्टोबर २०१७ ला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला आणि एक नवी सरमिसळ सुरू झाली. अमेय वाघनं रंगवलेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो, पुस्तकातला बनेश शाळकरी आहे. आता दोघांची माहिती एकमेकांत मिसळते. मी अशी वाक्यं पुसत नाही, चित्रपटाच्या विभागात हलवतो आणि ‘बदलांचा आढावा’ या रकान्यात कारण लिहितो. कारण न लिहिता केलेला बदल दुसऱ्या संपादकाला उद्धटपणा वाटतो आणि मग उगाच उलटापालट सुरू होते.

पुस्तकांचा मजकूर विकिपीडियावर चढवता येत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०६१ संपेपर्यंत, हक्क शाबूत आहेत. तोवर आपल्या हाती फक्त माहिती आहे, आणि तीच विरत चालली आहे.

सालाचा रकाना मी रिकामा ठेवला. अंदाजानं भरलेलं साल पुढे दहा जण उतरवून घेतात आणि मग तेच पुरावा म्हणून परत येतं. चर्चा पानावर प्रश्न मांडून ठेवला आहे. तुमच्या घरी माळ्यावर ‘फास्टर फेणे’ची जुनी, श्रेयपान असलेली प्रत असेल, तर त्यावरचं प्रकाशकाचं नाव, आवृत्ती आणि साल जसं छापलंय तसं तिथे लिहा. तारखेपुढे ‘पुनर्मुद्रण’ असेल तर तेही लिहा. खातं उघडायला दोन मिनिटं लागतात.