बाळंतीण माहेरी, खरेदीखत नांदेडला

सातवा महिना लागला की लेक लातूरला माहेरी येते आणि तिकडे नांदेडला जावई घर शोधायला लागतो. आपल्या नोकरदार वर्गात हे आता नित्याचे झाले आहे. बाळ येणार, भाड्याच्या दोन खोल्या पुरणार नाहीत, शिवाय आडनाव ऐकले की 'खोली कालच गेली' म्हणणारे घरमालक अजून संपलेले नाहीत. तेव्हा तरोड्याला म्हणा, सिडकोत म्हणा, आपल्या हक्काच्या चार भिंती असाव्यात ही ओढ रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की हक्काच्या म्हणजे कोणाच्या हक्काच्या?

खरेदीखताच्या दिवशी काय होते, ते वकिलीत पुष्कळ पाहिले. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा फोटो लागतो, अंगठा लागतो. बाळंतीण लातूरला. मग कोणीतरी वडीलधारा म्हणतो, "तिला कशाला त्रास? सध्या एकट्याच्या नावावर करा, तिचे नाव मागाहून टाकू." बोलणे काळजीचे असते, परिणाम मात्र मनुस्मृतीचाच होतो. घर नवऱ्याच्या नावावर चढते आणि ते 'मागाहून' कधीच उगवत नाही.

मागाहून नाव लावता येत नाही असे नाही. नवऱ्याने बायकोला राहते घर बक्षीसपत्राने दिले, तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आले आहे. पण तोवर घर बँकेकडे गहाण पडलेले असते, तिच्या संमतीवाचून पान हलत नाही. आणि गंमत पाहा, याच बँकेच्या कर्जाच्या कागदावर बायकोची सही सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा असते. तिच्या पगारामुळे कर्जाची रक्कम वाढते, म्हणून तिचा पगार चालतो. हप्ता चुकला तर बँक तिच्याही दारात येते. म्हणजे कर्जात ती आहे, मालकीत नाही! पुढे संसार मोडला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

नवरा अचानक गेला तर? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपल्या बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर विधवा, मुले आणि मयताची आई यांना सारखे वाटे मिळतात. त्याच कायद्याचे कलम २० सांगते, की बाप गेला तेव्हा पोटात असलेले आणि पुढे जिवंत जन्मलेले बाळही वारस ठरते. कायदा पोटातल्या जिवाला विसरत नाही. आपण मात्र त्या जिवाला पोटात वाढवणारीला खरेदीखतातून विसरतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. स्त्रीचा मालमत्तेतला हक्क हाच त्या बिलाचा गाभा होता.

गरिबाच्या बाबतीत सरकारने ही अट कागदावर तरी घातली. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असावे, असा नियम आला. झोपडीतल्या बाईचे नाव घरकुलावर लागते आणि पदवीधर सुनेचे नाव फ्लॅटवर नसते, हे आपल्या शिकलेल्या मंडळींना शोभते का? बरे, तोटाही आपलाच. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. २५ लाखांच्या घराला २५ हजार रुपये, म्हणजे बाळंतपणातला मोठा खर्च निघतो. (नवऱ्याचे नाव सोबत जोडले की ही सूट जाते. तरी संयुक्त नाव एकट्या पुरुषाच्या नावापेक्षा केव्हाही बरे.)

वेळेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती माहेरी जाण्याआधी सहाव्या महिन्यापर्यंत व्यवहार उरकत असेल तर उरकावा, नाहीतर ती बाळाला घेऊन परत येईपर्यंत थांबावे. बाळाला पहिले वर्ष आईची कूस पुरते, फ्लॅट लागत नाही. हाताशी पैसा मात्र लागतो. सगळी शिल्लक बिल्डरकडे भरली आणि ऐनवेळी सिझर झाले, बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर सावकार गाठावा लागतो. 'दसऱ्याला बुकिंग केले तरच सवलत' या भूलथापेला धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळणाऱ्यांनी तरी मुहूर्त समजू नये. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. ताब्याच्या तारखेचे म्हणाल, तर डॉक्टरची तारीख आठवड्याने चुकते, बिल्डरची वर्षांनी. आणि घर लातुरात घेणार असाल, तर ते एप्रिल-मेमध्ये पाहा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. बाळाचे लंगोट पावसाळ्यातल्या नळाकडे पाहून धुता येत नाहीत.

थांबणे शक्यच नसेल, तरीही वाट आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करता येतो. निघण्यापूर्वी तिची सही झाली असेल तर हा अवधी कामी येतो. कलम ३३ प्रमाणे ती लातूरच्या दुय्यम निबंधकापुढे भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र देऊ शकते. कार्यालयात जाण्याची तिची अवस्था नसेल, तर अधिकारी घरी येऊन तपासणी करू शकतो, तशी तरतूद त्याच कलमात आहे. सासरच्यांनी नाही विचारले, तर माहेरच्यांनी तिला माघारी पाठवताना जावयाला विचारावे: कागदावर हिचे नाव कुठे आहे?