पाणी उकळले, तरी नायट्रेट जात नाही

पाणी नितळ दिसले की आपण ते चांगले समजतो. शंका आली तर उकळतो. जुलाब, कावीळ टाळण्यासाठी उकळणे योग्यच आहे. पण नायट्रेट आणि नायट्राइट हे क्षार उकळून जात नाहीत. पाणी आटते, क्षार तेवढेच राहतात आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते. त्यांना रंग, वास, चव नसते. तुरटी किंवा साध्या फिल्टरनेही नायट्रेट निघत नाही; आरओ यंत्राने ते कमी होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिले होते. त्यामुळे पालघर-बोईसरकडे आपला संशय आधी कारखान्यांवर जातो. तो रास्तच आहे. पण नायट्रेट घराजवळूनही येते: संडासाचा शोषखड्डा, तुंबलेले गटार, शेणाचा उकिरडा, शेतातला युरिया. पावसाच्या पाण्याबरोबर ते झिरपत विहिरीत, बोअरिंगमध्ये उतरते.

सर्वात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बाळाला असतो. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातले हिमोग्लोबिन बदलते आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या बाळांमध्ये हा आजार दाखवून दिला. सावळ्या बाळाचा निळेपणा अंगावर पटकन दिसत नाही. म्हणून ओठ, नखे आणि तोंडाची आतली बाजू पाहावी. ती निळसर-राखाडी दिसली, बाळ सुस्त झाले, धाप लागली तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पाणी कुठले, हे डॉक्टरांना सांगावे. यावर उपचार आहे.

सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे. वरचे पाणी नको, पाण्यात उगाळलेली घुटीही नको. पावडरचे दूध द्यावेच लागले तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवावे. गरोदर मातांनीही तपासलेलेच पाणी प्यावे.

भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामपंचायतीत विचारावे. "पाणी पिण्यास योग्य" एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. ती तपासणी फक्त जंतूंची असू शकते. अर्जात "नायट्रेट व नायट्राइट तपासावे" असे स्पष्ट लिहावे आणि आकड्यांसह अहवाल मागावा.

आम्ही सुचवतो की येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच वस्तीतल्या विहिरी-बोअरिंगची यादी करावी आणि सर्वांच्या सह्यांचा एक अर्ज द्यावा. पाण्यासाठी महाडला चालून गेलेल्या समाजाने आपल्या विहिरीचा अहवाल मागायला संकोच कसला?