पुळलच्या भेटीचा दिवस

पहाटे साडेपाच

साहुकारपेठ अजून झोपेत आहे. खानापूर तालुक्यातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी माझे वडील मद्रासला आले आणि इथलेच झाले. मी याच शहरात वकिली करते. आज कोर्टाच्या आधी पुळलच्या तुरुंगात जायचं आहे, म्हणून पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. तिच्यात श्रीलंकेहून मुलाला भेटायला आलेल्या अम्मांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, त्यांच्या मुलाचा कैदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक, भेटीच्या ऑनलाइन नोंदणीचा कागद आणि नुंगंबाक्कमच्या श्रीलंका उपउच्चायुक्तालयाचं पत्र आहे. एक कागद कमी पडला तर कोलंबोहून आलेली आई गेटवरूनच परत जाईल. तेवढ्यासाठी मी ते सगळे पुन्हा मोजते.

सहा

अम्मा मण्णडीच्या एका लॉजवर उतरल्या आहेत. दक्षिण श्रीलंकेतल्या एका मच्छीमार गावच्या. त्यांना फक्त सिंहली येतं, म्हणून इंग्रजी जाणणारी भाची सोबत आली आहे. मुलगा बोटीवर खलाशी होता. बोटीत हेरॉइन सापडलं आणि बोटीवरचे सगळेच आत गेले. कोलंबो ते चेन्नई विमानाला जेमतेम दीड तास लागतो, पण तिकीट, व्हिसा आणि लॉजचे पैसे जमवण्यात या घराचे कित्येक महिने गेले.

सात

माधवरमहून ग्रँड नॉर्दर्न ट्रंक रोडने गाडी उत्तरेकडे निघते. मद्रासचा जुना तुरुंग सेंट्रल स्टेशनजवळ होता, गाडीतून उतरलं की चालत जाता यायचं. कैदी 2006 मध्ये पुळलला हलवले आणि जुनी इमारत पुढे पाडली. आता नातेवाइकांना शहराच्या टोकाला यावं लागतं.

भाची विचारते, परदेशी माणसं इथून सुटतात का? मी तिला ‘सीमन गार्ड ओहायो’ जहाजाची हकीकत सांगते. ऑक्टोबर 2013 मध्ये ते जहाज तुतिकोरिनला आणलं. चाच्यांपासून जहाजांचं रक्षण करणारे शस्त्रधारी पहारेकरी त्यावर होते. एकूण 35 जणांना अटक झाली. त्यात ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि भारतीयही होते. जानेवारी 2016 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सहा ब्रिटिश माजी सैनिक याच पुळलला होते. त्यांच्या घरच्यांनी लंडनमध्ये पंतप्रधानांच्या दारापर्यंत अर्ज नेले. ‘म्हणजे चार वर्षं,’ भाची म्हणते. हे ती अम्मांना सांगत नाही.

साडेआठ

गेटबाहेरच्या रांगेत बहुतेक बायकाच आहेत. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात केळी. इथे भेटीच्या अर्जाला ‘मनू’ म्हणतात. मनू भरायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि नाव पुकारेपर्यंत बसायचं. अम्मांनी घरून कोकीस आणले आहेत. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून तळलेले, आपल्या चकलीसारखे कुरकुरीत. घरचं शिजवलेलं आत जाणार नाही हे मी काल फोनवर सांगितलं होतं. तरी त्यांनी आणले. डबा माझ्या पिशवीत ठेवताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

सव्वादहा

मध्ये काच आहे आणि बोलायला फोन. मुलगा समोर येतो आणि दोघंही नुसती बघत राहतात. भेटीतली मोजकी मिनिटं अशीच जातात. मी घड्याळाकडे बघायचं टाळते. मग अम्मा ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढतात. गावातल्या प्रत्येकाने दिलेला निरोप त्यावर लिहिला आहे: छपराचं काम झालं, धाकट्याची परीक्षा आली, शेजारची म्हातारी गेली. आत पेन नेता येत नाही. म्हणून सांगून झालेल्या ओळीवर त्या नखाने खूण करतात आणि पुढची वाचतात. मुलगा हसतो. पहाऱ्यावरच्या हवालदारांना सिंहलीचं एक अक्षर कळत नसावं, पण ते अडवत नाहीत.

मला इथे 25 डिसेंबर 2017 आठवतो. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या होत्या. मध्ये काच होती, बोलणं इंटरकॉमवरून. भेटीआधी त्यांना कपडे बदलायला लावले, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. आई मराठीत बोलू लागली की तिला मध्येच तोडलं गेलं आणि शेवटी बोलूच दिलं नाही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी हे जाहीरपणे सांगितलं. आरोप काहीही असो, आईला तिच्या भाषेत मुलाशी बोलू न देणं हा क्रूरपणा आहे. तो इस्लामाबादमध्ये झाला म्हणून आपल्याला लागला. आपल्या तुरुंगातल्या परदेशी कैद्याच्या आईबद्दलही तेवढंच लागायला हवं.

वेळ संपते. कागदावरच्या शेवटच्या काही ओळी राहिल्या आहेत. भाची पटकन फोन घेते आणि त्या घाईघाईने वाचून टाकते.

दोन

हायकोर्टाच्या आवारात अमली पदार्थांच्या खटल्यांचं विशेष न्यायालय आहे. पायऱ्यांवर बसून मी अम्मांना खरं तेच सांगते. हेरॉइन अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं की कायद्याच्या 37 व्या कलमामुळे जामीन फार अवघड होतो. परदेशी आरोपी असेल तर जामीनदार कोण, राहणार कुठे, हे प्रश्न वेगळेच. ‘हा देश सोडून जाणार नाही’ अशी वकिलातीची हमी आणा, ही अटही घातली जायची. जुलै 2024 मध्ये फ्रँक व्हायटस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती प्रत्येक प्रकरणात गरजेची नाही असं सांगितलं. त्या निकालाची प्रत आज मी अर्जाला जोडली आहे.

‘त्याला आमच्याकडच्या तुरुंगात पाठवता येईल का?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. भारताचा 2003 चा कायदा आहे, श्रीलंकेशी करारही आहे. पण तो शिक्षा झालेल्यांसाठी. अपील प्रलंबित नसलं पाहिजे, कैद्याची स्वतःची संमती हवी आणि दोन्ही सरकारांचीही. खटला चालू असलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. भाची हे सगळं हळूहळू सिंहलीत सांगते. अम्मा पुढची तारीख विचारतात आणि निरोपाच्या कागदामागे लिहून घेतात.

संध्याकाळी सात

त्यांना विमानतळावर सोडून मी घरी येते आणि पुढच्या तारखेचे कागद लावते.

अम्मांच्या मुलासारखेच परदेशांतल्या तुरुंगांत आज दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत, सर्वाधिक आखाती देशांत. त्यांत आपले खलाशी, चालक, मजूर आहेत. तुमच्या घरावर ही वेळ आली तर एजंटाला पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, तो त्याने तिथल्या अधिकाऱ्यांकडे मागायला हवा, हे त्याच्यापर्यंत पोचवा. भेटीला जाणार असाल तर आपल्या दूतावासाकडून आधी लेखी विचारून घ्या: किती वेळ, किती माणसं, कोणती भाषा.