वांग्यावरचा उजेड

मुलाला टोमॅटो काढायला सांगा. एक गोल काढेल आणि आत गच्च लाल रंग भरेल. समोरचा टोमॅटो त्याने बघितलेलाच नसतो. तो कसा बघायचा हे आपण स्वयंपाकाआधी दाखवू शकतो. ‘आम्हाला कुठं चित्र येतं?’ असं बाया आम्हाला म्हणतात. इथे चित्र यायची गरजच नाही.

चिरायच्या आधी एक जांभळं वांगं बाजूला काढू. दाराजवळ ताटलीत ठेवू, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. घरातला दिवा बंद असू द्या, नाहीतर सावल्यांचा गोंधळ होतो. मग मुलांना डोळे किलकिले करायला सांगू. बारीकसारीक दिसेनासं होतं, उजळ कुठे आणि गडद कुठे एवढंच उरतं. वांग्यावर दाराचा उजेड पांढरा चमकतो, तेवढा कागद कोरा सोडायचा. पलीकडे रंग गडद होत जातो. पण अगदी कडेला काळं करायचं नाही. ताटलीवर पडलेला उजेड उलटून वांग्याच्या खालच्या अंगाला लागतो, म्हणून सगळ्यात गडद पट्टा कडेच्या जरा अलीकडे असतो. मुलांना हा आपल्या आधी दिसतो, बरं का!

छटांसाठी चुलीतला विझलेला गार कोळसा पुरतो. हलका ओढला की राखाडी, दाबला की काळा, बोटाने पुसला की मऊ.

टोमॅटोच्या अंधाऱ्या बाजूला मुलं काळा खडू फिरवतात आणि टोमॅटो मळका दिसतो. त्यापेक्षा लालावर थोडा हिरवा फिरवावा. भाकरी वांग्यासारखी चकाकत नाही, तिला पांढरा ठिपका नको. तिचे तांबूस डाग मात्र मोजून काढू द्या.

रंगपेटी नसली तर हळद पाण्यात कालवा, पिवळा झाला. त्यात चुन्याची निवळी टाकली की लाल होतो. चुना मोठ्या बाईनेच हाताळावा, डोळ्यांत जाता कामा नये.

शाळेतून जी सरकारी एलिमेंटरी चित्रकला परीक्षा देतात, तिच्यात वस्तुचित्राचा पेपर असतो. त्यासाठी क्लास लावणं सगळ्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास वांगं, कांदा, तांब्या समोर ठेवला तरी हात बसतो.

चित्र होईपर्यंत वांगं हलवू नका. मग खुशाल भरायला घ्या.